पडवीतली सायकल उतारावर नेण्याआधी

गणपतीला गावी आलेला चाकरमानी पडवीत भिंतीला टेकवलेली जुनी सायकल बघतो. चाकाला हात लावतो, ते कुरकुरत अर्धा फेरा फिरतं, आणि त्याच्या मनात येतं की ही आता परत चालवायची. दुसऱ्या दिवशी तो बाजारात जाऊन रंगाचा डबा घेऊन येतो. घोटाळा होतो तो इथे.

मीही हेच केलं होतं. आजोबांची सायकल घरच्या घरी काळ्या ऑइलपेंटने रंगवली, मडगार्डवर सोनेरी रेघ ओढली, घंटी घासून लखलखीत केली आणि दसऱ्याला झेंडूची माळ घालून फोटो काढले. पुढच्या ज्येष्ठातल्या एका रिमझिम सकाळी दापोलीहून आसूदकडे उतरताना दोन्ही ब्रेक मुठीत आवळले, तरी सायकल थांबेना. शेवटी एका दगडी गडग्याने ती थांबवली. गडग्याचे दोन चिरे पडले, माझं कोपर सोललं, पुढचं चाक धरणारा चिमटा किंचित वाकला. पाऊस सरला तेव्हा त्या सुंदर काळ्या रंगाला फोड आले होते. नखाने एक फोडला तर आत लाल भुकटी.

म्हणून खाली जो क्रम दिला आहे त्यात रंग जवळजवळ शेवटी येतो आणि ब्रेकवर सगळ्यांत जास्त मजकूर आहे. देशावरच्या सपाट गावातल्या माणसाने यातलं बरंच सोडून दिलं तरी चालेल. आपल्याकडे कोकणात खारा वारा आणि चढउतार, दोन्ही आहेत.

सायकल पारखणं

आपल्याकडे सापडणाऱ्या बहुतेक जुन्या सायकली एकाच घराण्यातल्या असतात: २८ इंची चाकं, दांड्यांचे ब्रेक, बंद चेनकव्हर, वीसेक किलो वजन. इंग्लंडहून आलेली रॅले, हंबर किंवा फिलिप्स असेल, आसनसोलच्या सेन-रॅले कारखान्यातली असेल, मद्रासला टीआय सायकल्सने बनवलेली हर्क्युलस असेल, नाहीतर १९५१ साली सोनीपतला सुरू झालेल्या ॲटलसची किंवा १९५६ पासून लुधियानात सायकली बनवणाऱ्या हिरोची. चाकांचे स्पोक मोजून बघा. मूळ चाकं असतील तर पुढे ३२ आणि मागे ४० निघतील. हा जुना इंग्लिश रिवाज आपल्या कारखान्यांनी जसाच्या तसा उचलला. दोन्हीकडे ३६ निघाले तर चाकं कधीतरी बदललेली आहेत एवढं समजायचं; त्यात वाईट काही नाही.

नाव मोठं आहे म्हणून खूश होऊ नका. आधी फ्रेम बघा. सायकल उलटी करून बीबीच्या बुडाला, म्हणजे पायडलचा एक्सल ज्या आडव्या नळीतून जातो तिच्या खालच्या अंगाला, स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबा. तिथून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या दोन नळ्यांनाही दाबा. वर्षानुवर्षं पाणी साचतं ते इथे. पत्रा आत दबला किंवा टोक आरपार गेलं, तर ती सायकल भिंतीवर टांगायला चांगली आहे, चालवायला नाही. मग हँडलखाली, तिरकी नळी जिथे पुढे जोडली जाते तिथे बोट फिरवा. रंगाखाली सुरकुती लागली तर सायकल कधीतरी जोरात समोर आदळलेली आहे. चिमटा बाजूने बघा: वरचा भाग हँडलच्या नळीच्या रेषेत सरळ यायला हवा, वळण फक्त खाली.

फ्रेम वाकडी आहे का हे एका सुतळीने कळतं. मागच्या चाकाच्या खाचेपासून सुतळी घेऊन हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या बाजूच्या खाचेपर्यंत ताणून बांधा. सीटच्या नळीपासून दोन्हीकडच्या सुतळीचं अंतर मोजा. दोन-तीन मिलिमीटरचा फरक सोडून द्यावा, त्याहून जास्त असेल तर ओळखीच्या मिस्त्रीला दाखवावा.

एखाद्या सायकलला नगरपालिकेचा जुना बिल्ला अजून चिकटलेला असतो. तो काढून टाकू नका. कधीकाळी सायकलला कर होता, रात्री दिवा नसेल तर पोलीस अडवायचा, डबलसीटला दंड व्हायचा. त्या पत्र्याच्या तुकड्यावर गाव आणि साल मिळालं तर सायकलचं वय शोधायची अर्धी खटपट वाचते.

मुहूर्त

पावसात हे काम काढू नये. उघडं लोखंड रात्रभर पडवीत ठेवलं तरी सकाळी त्यावर तांबूस साय येते आणि दमट हवेत मारलेल्या रंगावर पांढुरकी छटा बसते. खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली की सायकल खोलायला घ्या. दिवाळी ते होळी हा कामाचा काळ. गावात कोणी काका तुम्हाला हटकून विचारतील, ‘काय रे, ओव्हरऑइलिंग काढलंस की काय?’ मूळ शब्द ओव्हरहॉलिंग, पण सायकलच्या दुकानात इतकी वर्षं तो असाच बोलला जातो की आता तोच बरोबर वाटतो. तेलाशी त्याचा संबंधही आहेच.

खोलणं

पान्याला हात लावण्याआधी मोबाइलने फोटो काढा. दांड्यांचे ब्रेक दोन्ही बाजूंनी, चेनकव्हरचे स्क्रू, मडगार्डच्या काड्या कुठल्या वायसरवर बसल्या आहेत ते, सगळं. पन्नास फोटो काढलेत तरी पुढे एखादा कमी पडेलच. श्रीखंडाचे रिकामे डबे घ्या आणि प्रत्येक भागाच्या नट-बोल्टला वेगळा डबा द्या. जुने नट गंजले म्हणून फेकू नका. इंग्लिश घडणीच्या सायकलींचे आटे आजच्या मिलिमीटरच्या बोल्टशी जुळत नाहीत. दोन फेरे गोड जातात आणि तिसऱ्याला आटे कापले जातात.

मग प्रत्येक नटावर, सीटच्या दांड्याच्या तोंडाशी आणि हँडलच्या मानेत गंज सोडवणारा स्प्रे मारा. स्प्रे नसेल तर डिझेलमध्ये थोडं इंजिन ऑइल मिसळून तेच घाला. सकाळ-संध्याकाळ, तीन दिवस. घरातलं कोणीतरी खोबरेल सुचवेल. आपल्याकडे केसांपासून बिजागरीपर्यंत सगळ्याला खोबरेल चालतं, सायकलला चालत नाही. चोवीस अंशांच्या आसपास ते थिजतं, पुढे चिकट होतं आणि जांभ्याची लाल धूळ त्यावर अशी बसते की चेनचा लेप होतो.

तीन दिवसांनी पाना लावा, पण दोन ठिकाणी थांबून विचार करा. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. उजव्या बाजूच्या, म्हणजे चेनच्या बाजूच्या बीबी कपाचेही (बेअरिंगचे छर्रे धरणाऱ्या वाटीचेही) उलटे. हा कप शक्यतो काढूच नका. आत बोट घालून बघा, छर्रे फिरतात ती धाव गुळगुळीत असेल तर फ्रेममध्येच राहू द्या आणि तिथेच साफ करा. सायकल नॉटिंगहॅमची रॅले असेल तर तिच्या बीबी कपाला इंचात २६ आटे असतात, बाकी इंग्लिश पद्धतीच्या सायकलींना २४. नवा कप कुठेही मिळेल या भरवशावर जुना खराब केलात तर पस्तावाल.

आता कॉटर. क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, एक्सलला धरून ठेवणारी ही तिरपी खिळी नवशिक्याचा एक अख्खा रविवार खाते. नट पूर्ण काढू नका, खिळीच्या टोकाशी सपाट येईल इतकाच सैल करा म्हणजे आटे चेपत नाहीत. क्रँकच्या खाली, जमिनीपर्यंत पोचेल असा जाड लोखंडी नळीचा तुकडा उभा करा. खिळीचं डोकं त्या नळीच्या पोकळीत मोकळं उतरलं पाहिजे. जांभ्याचा चिरा ठेवाल तर चुरा होईल. मग वरून जड हातोड्याचा एकच नेमका घाव. खाली आधार नसेल तर घाव छर्ऱ्यांवर आणि कपावर जातो, आणि हलक्या हातोड्याने टकटक करत बसलात तर खिळीचं टोक फुलून ती आणखीच अडकते. निघालेली कॉटर खिशात घालून दुकानात जा. साडेनऊ मिलिमीटरची आणि नऊची, दोन्ही मिळतात आणि डोळ्यांना सारख्याच दिसतात. नवी बसवताना दोन्ही बाजूंच्या कॉटर एकमेकींच्या उलट दिशेने घाला, नाहीतर दोन्ही क्रँक एका रेषेत येणार नाहीत.

सीटचा दांडा हलत नसेल तर पाइप-पान्याने पिळू नका. सीट दांड्यावर ठेवून सीटलाच दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे झटके द्या. न निघाल्यास अजून तीन दिवस तेल घाला. मला एकदा अकरा दिवस लागले.

गंज

समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं. म्हणून किनाऱ्यावरच्या घरात सायकल पावसात न भिजताही ओली राहते, फक्त आपल्याला ते दिसत नाही. गंज काढायच्या आधी हे मीठ काढायला हवं, आणि त्याला गोडं पाणी लागतं. खाऱ्या विहिरीचं पाणी चालणार नाही. सगळे भाग साबणाच्या गोड्या पाण्याने दोनदा धुवून, कोरडे पुसून उन्हात ठेवा.

क्रोमच्या भागांवर, म्हणजे हँडल, रिम, क्रँक यांवर वरवरचा गंज असेल तर पोळ्या गुंडाळायची ॲल्युमिनियम फॉइल चुरगाळून पाण्यात बुडवा आणि घासा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्याने ओरखडे पडत नाहीत. सँडपेपर किंवा तारेचा ब्रश क्रोमला लावू नका. पितळी घंटी किंवा बिल्ल्याला आजीचीच युक्ती: भिजवलेली आमसुलं किंवा चिंचेचा कोळ. तांब्याची कळशी ज्याने उजळते त्याने हेही उजळतं.

जास्त गंजलेल्या नट-बोल्ट आणि छोट्या भागांना लिंबूसत्त्व. एक लिटर पाण्यात पन्नास ते शंभर ग्रॅम, दोन-चार तास, मधून मधून बघत. क्रोमचा भाग यात रात्रभर विसरलात तर सकाळी मुलामा सुटलेला मिळेल. स्प्रिंगा, कॉटर आणि चेन आम्लात अजिबात घालू नका, कडक पोलाद त्याने ठिसूळ होतं. बाहेर काढल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळा, लगेच कोरडं करा, लगेच तेलाचा हात द्या. ‘जेवून येतो मग पुसतो’ म्हणालात तर परत पहिल्यापासून.

फ्रेमच्या नळ्या आतून गंजतात ते कोणी बघत नाही. सीटच्या नळीतून आणि बाकीच्या भोकांतून उकळलेलं जवसाचं तेल ओता, फ्रेम सगळ्या दिशांना फिरवा, उरलेलं बाहेर काढा आणि आठवडाभर सुकू द्या. आत पातळ कातडी धरते. बीबीच्या बुडाला पाणी निथळायचं भोक नसेल तर पाच मिलिमीटरचं पाडून घ्या. जवसाच्या तेलाने माखलेली फडकी मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत टाका. कौलारू घरात, गवताच्या भाऱ्यांशेजारी हे काम करणार असाल तर पुन्हा एकदा वाचा.

छर्रे, कोन आणि बंदरावरचं ग्रीस

कप आणि कोन (एक्सलवरचे शंकूसारखे भाग) डिझेलमध्ये धुवून उन्हात बघा. धावेवर खड्डे असतील तर तो भाग बदला, चकाकी फक्त गेली असेल तर चालेल. छर्रे मात्र सगळे नवे घाला, स्वस्त असतात. बीबीत आणि मागच्या हबमध्ये (चाकाच्या मधल्या भागात) साधारणपणे पाव इंची, पुढच्या हबमध्ये त्याहून लहान, तीन-सोळांश इंची. जुना छर्रा नमुना म्हणून न्या. किती घालायचे ते पाठ करायची गरज नाही: कपात दाटीने जितके बसतील त्यातून एक कमी.

ग्रीससाठी सायकलच्या दुकानापेक्षा बंदर बरं. हर्णै असो की देवगड, मच्छीमारी बोटींच्या इंजिनाचं सामान विकणाऱ्याकडे पाण्यात न सुटणारं ग्रीस मिळतं. मी गेली काही वर्षं तेच वापरतो. त्याच दुकानात ३१६ जातीच्या स्टेनलेसचे नट-बोल्टही असतात, मडगार्ड आणि कॅरिअरसाठी ते उत्तम, जिथे आट्यांचा प्रश्न येत नाही तिथे. काही जुन्या हबवर मधोमध एक सरकती पट्टी असते, तिच्याखाली तेलाचं भोक. असे हब तेलावर चालायला बनवलेले आहेत, तिथे महिन्यातून चार थेंब पातळ तेल सोडत राहा.

कोन आवळताना चाकाला किंचित खुळखुळ राहिली पाहिजे, जी एक्सलचे नट घट्ट केल्यावर नाहीशी होते. हे हाताला समजायला चार-पाच प्रयत्न जातात.

चाकं

रिम बाहेरून चकाकते आणि आतून सडलेली असते. टायर, ट्यूब आणि आतली रबरी पट्टी काढून स्पोकच्या भोकांभोवती बघा. पापुद्रे निघत असतील तर नवी रिम घ्या. २८ × १½ मापाच्या रिमा, टायर आणि ट्यूब अजून बऱ्याच तालुक्यांच्या ठिकाणी मिळतात, विलायतेतल्या शौकिनांना हे सुख नाही. टायर जुना ‘बरा दिसतोय’ म्हणून ठेवू नका. बाजू दुमडून बघा, भेगा दिसल्या की गेला. व्हॉल्व्ह जुन्या पद्धतीचा असेल तर त्याची रबरी वॉलट्यूब बदला, हवा रोज उतरते त्याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं.

चाकाचा आऊट काढणं, म्हणजे डुलणारं चाक सरळ करणं, शिकण्यासारखं आहे. सायकल उलटी ठेवा, चिमट्याला खडू धरा, चाक फिरवा. खडू जिथे लागेल तिथे त्या बाजूचे स्पोक पाव फेरा सैल आणि समोरच्या बाजूचे पाव फेरा घट्ट. पाव म्हणजे पावच. पहिलं चाक तरी गावातल्या मिस्त्रीकडे बसून, त्याच्या हाताकडे बघत करून घ्या. चहा तुम्ही पाजा.

ब्रेक

दांड्यांचा ब्रेक दिसायला देखणा आहे. हँडलखालची मूठ ओढली की दांड्या हलतात, यू आकाराची पट्टी वर येते आणि दोन रबरं रिमच्या आतल्या अंगाला दाबली जातात. वायर नाही, तुटायचं काही नाही. कोरड्या सपाट रस्त्यावर, तासाला पंधरा किलोमीटरच्या वेगाला तो पुरतो. ओल्या गुळगुळीत क्रोमवर रबर धरतच नाही. चाकाचे दोन-तीन फेरे रिमवरचं पाणी पुसण्यात जातात, आणि ते फेरे होईपर्यंत उतारावर तुमचा वेग वाढलेला असतो. आसूदच्या उतारावर मला जे झालं ते सायकलच्या बिघाडाने झालं नाही. ब्रेक अगदी ठीक होता. तो असाच असतो.

मूळ ब्रेक ठेवायचाच असेल तर निदान एवढं करा. दांड्यांचे सगळे सांधे खोलून, घासून, तेल देऊन परत जोडा. बहुतेक जुन्या सायकलींत निम्मा जोर इथेच मरतो. रबरं नवी घाला आणि दोन्ही रबरं रिमला एकाच वेळी टेकतील असे नट जुळवा. रबर ज्या लोखंडी खोबणीत बसतं तिचं एक तोंड बंद असतं. चाक पुढे फिरताना रबर ज्या दिशेला ओढलं जातं, त्या दिशेला हे बंद तोंड यायला हवं. उलटं बसवलंत तर पहिल्याच मोठ्या ब्रेकला रबर सटकून रस्त्यावर पडेल. चामड्याचा थर असलेली रबरं ओल्या लोखंडी रिमवर पुष्कळ बरी धरतात, पण ती बहुधा परदेशातून मागवावी लागतात. आणि पाऊस असेल तर तीव्र उतारावर खाली उतरून चाला. पूर्वी लोक हेच करायचे, त्यात कमीपणा नव्हता.

रोज चालवणार असाल तर बदल करा. तीन मार्ग आहेत, त्यातला मला पटलेला आधी सांगतो: पुढच्या चाकाला ड्रम ब्रेकचा हब. ब्रेक हबच्या आत बंद असल्याने पाऊस आणि वाळू त्याला लागत नाही, मूळ लोखंडी रिम तशीच राहते आणि मागचा दांड्यांचा ब्रेकही ठेवता येतो. लांबून बघणाऱ्याला सायकल जुनीच दिसते. स्टर्मी-आर्चर हे नाव एकेकाळी नॉटिंगहॅमचं होतं, २००० सालानंतर ते तैवानला गेलं, आणि त्यांचे ७० मिलिमीटरच्या ड्रमचे हब आजही बनतात.

मागवण्याआधी तीन गोष्टी मोजा. रिमच्या भोकांइतकीच हबची भोकं हवीत, म्हणजे मूळ रिमला ३२. चिमट्याच्या दोन पायांतलं अंतर जुन्या इंग्लिश घडणीत नव्वद-पंचाण्णव मिलिमीटरच असतं आणि आजचे हब शंभराचे, त्यामुळे चिमटा थोडा उघडावा लागतो. लोखंडी चिमटा तो ताण सहन करतो, पण दोन्ही पाय सारखेच उघडले पाहिजेत, म्हणून हे जाणत्याकडून करून घ्या. तिसरी गोष्ट, एक्सल जुन्या खाचेपेक्षा जाड निघतो. खाच कानसावी लागते, हळूहळू, दोन्हीकडे सारखी. ड्रमची एक लोखंडी पट्टी चिमट्याच्या डाव्या पायाला पट्ट्याने बांधतात आणि ब्रेक दाबला की सगळा जोर त्या पायावर येतो. ती पट्टी ढिली राहिली तर ब्रेकचं काम संपलं आणि वर सायकलचंही. चिमटा गंजलेला किंवा सरळ करून घेतलेला असेल तर आधी चिमटा बदला. माझा गडग्याला धडकलेला चिमटा मी याच कारणाने बदलला.

दुसरा मार्ग ॲल्युमिनियमच्या रिमा आणि वायरचे, रिमला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे कॅलिपर ब्रेक. यात दांड्या पूर्ण जातात, कारण त्यांची रबरं फक्त त्या जुन्या आकाराच्या रिमवरच बसतात. आजच्या ७०० सी रिमचा व्यास जुनीपेक्षा तेरा मिलिमीटरने कमी, म्हणजे ब्रेकला साडेसहा मिलिमीटर खाली पोचावं लागतं. लांब हातांचे कॅलिपर घ्यावे लागतात. सायकल हलकी होते आणि ओल्यातही नीट थांबते. दिसायला मात्र वेगळीच होते. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून मगच करा, नंतर ऐकून घ्यावं लागतं.

तिसरा मार्ग मागे उलटं पायडल मारून लागणारा ब्रेक. सपाटीवर छान, लांब उतारावर नको. सतत दाबून ठेवला की हब तापतो, ग्रीस जळतं आणि ब्रेक सुटतो.

चढ

जुन्या सायकलींना पुढे ४४ दात्यांचं चेनव्हील आणि मागच्या चाकाला १८ दात्यांचं चक्र, म्हणजे फ्रीव्हील असतं. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल जवळपास साडेपाच मीटर जाते. लुधियानाच्या रस्त्यावर हे बरोबर आहे. हर्णैहून दापोली चढताना मात्र गुडघे बोलायला लागतात. सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत मोठा फरक पाडणारा बदल म्हणजे मागचं फ्रीव्हील. २० दात्यांचं लावलंत तर एका फेऱ्यात ४.९ मीटर, २२ चं लावलंत तर ४.५ मीटर. मी २२ लावलं आहे. सपाटीवर पाय जरा भरभर हलवावे लागतात, लोक हसतात, चढावर ते मागे राहतात.

नवं फ्रीव्हील बहुधा जुन्याच आट्यांवर बसतं, तरी हब सोबत नेलेला बरा. २२ साठी चेन इंचभर जास्त लागते. चेन नवीच घ्या. जुनी तपासायची असेल तर फूटपट्टी लावा. बारा इंचांत बरोबर बसणाऱ्या कड्या बारा पूर्णांक एक-अष्टमांश इंचापर्यंत पसरल्या असतील तर ती गेली आणि दाते खाणार.

एखाद्याच्या नशिबात मागे तीन गिअरचा स्टर्मी-आर्चर हब निघतो. त्याच्या कवचावर पुष्कळदा महिना आणि साल कोरलेलं असतं. हा हब खोलायची घाई करू नका. तेलाच्या भोकातून पातळ तेल सोडा, दोन दिवस फिरवा, बहुधा तो जागा होतो. त्याचा पहिला गिअर मधल्याच्या पाऊण पट असतो, म्हणजे चढ निम्मा सुटलाच. चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारे बाहेरचे डिरेलर गिअर आपल्या हवेत या सायकलला लावू नयेत, असं माझं मत आहे. खारं वारं आणि वाळू त्यांना दर आठवड्याला साफ करायला लावते.

रंग

मूळ रंग निम्मा जरी शिल्लक असेल तरी तो ठेवा. साबणाच्या पाण्याने धुवा, आधी लपलेल्या कोपऱ्यात करून बघा, कारण जुनी अक्षरं आणि सोनेरी रेघा थिनरने किंवा रॉकेलने क्षणात जातात. गंजाचे डाग तेवढेच खरवडून प्राइमर आणि रंगाचा ठिपका द्या, वर गाडीचं मेण चोळा.

पूर्ण रंगवायचीच असेल तर जुना रंग आणि गंज धातूपर्यंत काढा, त्यावर इपॉक्सी प्राइमर आणि मोटारी रंगवणाऱ्या गॅरेजमधून पीयू (पॉलियुरेथेन) रंग. पावडर कोटिंग शहरात स्वस्तात होतं आणि सुरेख दिसतं. पण त्याचा टवका उडाला की खारं पाणी कोटिंगच्या खालून पसरत जातं आणि वरून पत्ता लागत नाही, शिवाय जाड थरात फ्रेमचा नंबर बुजतो. करून घेणार असाल तर बीबीचे आणि हँडलच्या मानेचे आटे झाकायला सांगा, दोनदा सांगा.

सीट आणि दिवा

चामड्याची सीट पावसाळ्यात बुरशी धरते. कोरड्या फडक्याने पुसायची, मेणाचा पातळ हात द्यायचा, वारा लागेल अशा जागी ठेवायची. ओली असताना तिच्यावर बसू नका, ती खड्डा धरते. फाटली असेल तर चांभाराकडे न्या, रिव्हेट बदलून मिळतात. डायनॅमो शोभेला राहू द्या. तो चाकाला घासून पाय ओढतो आणि सायकल थांबली की दिवा जातो. नारळी-पोफळीच्या बागांमधून जाणारे आपले रस्ते दिवसाही अंधारे असतात, बॅटरीचा पुढचा-मागचा दिवा लावा.

जोडताना लोखंडात ॲल्युमिनियम जिथे जातं, म्हणजे नवा सीटचा दांडा वगैरे, तिथे ग्रीस विसरू नका. खाऱ्या हवेत हे दोन धातू एकमेकांना धरून बसतात, पुढच्या पिढीला करवत लागेल.

पहिली फेरी

पहिल्यांदा खळ्यात. मग वाडीतल्या सपाट रस्त्यावर, पाखाडीच्या दगडी पायवाटेवर नाही. वेग घेऊन एका झाडाशी दोन्ही ब्रेक दाबा आणि किती पावलांत थांबता ते मोजा. कोरड्यात पाच-सहा पावलांत थांबलात तर पुढे जा. नाहीतर परत पाने काढा. मग दोन्ही रिमांवर तांब्याभर पाणी ओतून तेच करा. दुसरा आकडा वहीत लिहून ठेवा आणि कोणता उतार चालवायचा, कोणता चालत उतरायचा, ते त्यावरून ठरवा.

वीस-तीस किलोमीटर झाले की कॉटरचे नट पुन्हा आवळा. नव्या कॉटर पहिल्या काही फेऱ्यांत बसतात आणि सैल होतात. पाय मारताना दर फेऱ्याला एक ‘टक’ ऐकू आली तर तीच आहे, तशीच चालवत राहू नका.

पुळणीवर सायकल घालू नका. फोटो छान येतात आणि हबमध्ये रेती जाते. दाभोळहून धोपाव्याला किंवा जयगडहून तवसाळला फेरीबोटीने सायकल नेलीत तर ती पाण्याचे तुषार उडत नाहीत अशा बाजूला, मोटारींच्या आड उभी करा. घरी आल्यावर गोड्या पाण्याची एक बादली, फडकं, चेनवर पातळ तेल. पागोळ्यांखाली ठेवू नका, आणि गोठ्यात तर नकोच. पावसाळ्यात चालवणार नसाल तर ओटीवर, जमिनीपासून हातभर उंच टांगा. चाकं दर पंधरा दिवसांनी फिरवत जा.